काखेत काचतंय : मुंढा उतरवायचा की बाही बदलायची?

छाती बरोबर, खांद्याची शिवण जागेवर, लांबी मनासारखी, आणि तरी हात उचलला की काखेत काचतं, अशी कुर्ती किंवा ब्लाउज घरी शिवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या कपाटात असतो. पुढच्या कापडाला कात्री लावायच्या आधी पेपर कटिंगमध्येच (कागदी साच्यातच) काय बदलायचं, हा प्रश्न मग येतो. नेहमीचे रस्ते दोन. मुंढा, म्हणजे अंगाच्या कापडात बाही जोडायची ती खांद्यापासून काखेपर्यंतची गोल कड, खाली उतरवायचा, किंवा मुंढा आहे तिथेच (जमल्यास थोडा वर) ठेवून बाही दंडात रुंद आणि गोलाईत (मुंढ्याला जोडायच्या वरच्या गोल भागात) बसकी करायची. काखेत चौकोनी तुकडा जोडायचा तिसरा रस्ताही आहे, त्यावर पुढे दोन शब्द.

मी दोन्ही वापरले आहेत. माझं मन कुठे झुकतं ते वाचताना कळेलच. पण माझा दंड, माझा खांदा आणि माझ्या सवयी माझ्या आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी एक खात्री करून घ्या. काचतंय ते नक्की कुठे? काखेच्या अगदी तळाशी काचत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुढून, छाती आणि दंड मिळतात त्या घडीत काचत असेल तर मुंढा उतरवून काहीच साधणार नाही. पुढच्या मुंढ्याची गोलाई पाव इंच आत कोरली की बहुतेक वेळा काम होतं, तळाला हातही लावावा लागत नाही. गाडीचं हँडल धरल्यावर पाठीत ताण येत असेल तर पाठीची रुंदी कमी पडते आहे, मुंढ्याचा त्यात दोष नाही. आणि हात खाली असतानाच दंडावर आडव्या वळ्या दिसत असतील तर दंडघेर अपुरा आहे. तिथे निवड करायचा प्रश्नच नाही, बाहीच बदलायला हवी.

मुंढा उतरवण्याची बाजू पहिल्यांदा मांडते, कारण ती खरंच सोपी आहे. काखेच्या टोकापासून अर्धा इंच खाली खूण, फ्रेंच कर्व्हने नवी रेघ, कात्री. शिवून झालेल्या कपड्यावरही हे करता येतं, रेडिमेड कुर्तीवरसुद्धा, बाहीच्या बाजूला माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) असेल तर. पहिल्यांदा घालून बघताना लगेच मोकळं वाटतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, काखेपासून कापड जरा दूर राहिलेलं किती सुखाचं असतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घामाचे डागही कमी पडतात. बहुतेक मास्टर हाच उपाय करतात आणि त्यांचं गिऱ्हाईक खूश होऊन जातं, कारण ट्रायल रूममध्ये कुणी हात डोक्यावर नेऊन बघत नाही.

मला मात्र हात डोक्यावर न्यावे लागतात, रोज. उन्हाळ्यात इथे गाडी काढायच्या आधी स्कार्फ बांधायचा असतो. कपाळावरून, कानांवरून, नाकाखालून घेऊन मागे गाठ. दोन्ही कोपर कानाच्या वर, आणि गाठ मनासारखी बसेपर्यंत ते तिथेच. मुंढा उतरवलेल्या कुर्तीत त्या वेळी काखेत अजिबात काचत नाही, हे कबूल. पण अख्खी कुर्ती वर सरकते. बाजूचे कट कमरेच्या वर येतात, छातीवरचे टक्स गळ्याकडे चढतात आणि हात खाली घेतले तरी कापड आपणहून खाली येत नाही. ओढून खाली करावं लागतं, पार्किंगमध्ये उभं राहून, हातमोजे घातलेल्या हातांनी. साडीवरच्या ब्लाउजचं तर विचारूच नका. मुळात तो तेरा-चौदा इंच उंचीचा, तो वर चढला की खालची पट्टीच छातीवर येते. मेट्रोत वरचा दांडा धरतानाही हेच. बाकी सगळे गुण-दोष मी तोलून पाहिले असतीलही, पण माझा निर्णय लागला तो या ओढून खाली करण्यावर.

असं का होतं ते टेप घेतली की लगेच दिसतं. हात वर करून कमरेपासून काखेतून कोपरापर्यंत टेप लावा. मग कपड्यावर तेवढंच माप घ्या : कमरेपासून काखेपर्यंतची बाजूची शिवण, अधिक काखेपासून पुढची बाहीची शिवण. हात वर जायला लागणारं कापड या दोन शिवणींतून मिळतं. मुंढा एक इंच उतरवला की बाजूची शिवण एक इंच कमी झाली. बाही त्या मोठ्या मुंढ्यात बसवायला तिचंही काखेचं टोक खाली नेलं, की तिथलाही इंच गेला. मग हात वर जाताना उरलेलं कापड कुठून येणार? कमरेकडून. मुंढा जितका खोल, तितका हात आणि कुर्ती एकत्र वर.

यात शिवणक्लासमधल्या सूत्रांचाही हात आहे. मुंढ्याची खोली छातीच्या मापावरून काढायची सवय असली की छाती ४० च्या पुढे गेल्यावर मुंढा भलताच खोल निघतो. छाती भरली म्हणून काख काही खाली सरकत नाही. भरल्या अंगाच्या बायकांना ‘माझा दंडच जाड, म्हणून हात उचलत नाही’ असं वाटत राहतं, आणि मास्टर तो आधीच खोल असलेला मुंढा आणखी उतरवून देतो.

आता दुसरा रस्ता. याला कागद लागतो, वेळ लागतो आणि थोडी चिकाटी. बाहीचा कागद दुसऱ्या कागदावर छापून घ्या. गोलाईच्या माथ्यापासून खालच्या काठापर्यंत एक उभी रेघ, आणि दोन्ही काखेची टोकं जोडणारी एक आडवी. दोन्ही रेघांवर मधून बाहेर कापत जायचं, पण चारही टोकांना कागद दोऱ्याएवढा शाबूत ठेवायचा. मग काखेची दोन टोकं हलकेच बाहेर ओढायची. उभी चीर मध्ये उघडते, आडव्या चिरेच्या कडा एकमेकींवर चढतात. म्हणजे दंड रुंद झाला, गोलाई बसकी झाली, आणि गोलाईच्या कडेची लांबी तेवढीच राहिली. बाही जुन्याच मुंढ्यात बसते. अंदाज यावा म्हणून सांगते : दंडात १३ इंच रुंद आणि गोलाईत ५ इंच उंच बाही एका इंचाने रुंद केली, तर गोलाईची उंची साधारण पाऊण इंच उतरते. बाहीची लांबीही थोडी घटते, ती खालून वाढवून घ्यायची.

एवढ्यावर भागलं तर उत्तम. माझं भागलं नाही, म्हणून मी मुंढाही अर्धा इंच वर घेतला. कुर्तीच्या कागदाला काखेत पट्टी चिकटवून टोक वर नेलं, बाहीचं टोकही तेवढंच वर, आणि दोन्ही नव्या रेघा बाही-मुंढा जुळवायच्या जुन्या खाचांपाशी आणून मिळवल्या. मग बाहीचा कागद मुंढ्याच्या कडेवरून फिरवत नेऊन लांबी तपासली. टेप उभी धरून मोजली तरी चालते. सुती कापडात बाहीची कड मुंढ्यापेक्षा अर्ध्या-पाऊण इंचाने जास्त असली की पुरे, त्याहून जास्त ढील असेल तर माथ्यावर चुण्या पडायला लागतात.

याचा तोटाही खरा आहे. हात खाली सोडला की काखेपाशी कापडाची घडी पडते. फोटोत बाही शोरूमच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत दिसत नाही. रेशमी ब्लाउजवर ही घडी जास्त डोळ्यांत भरते, सुती कुर्तीवर कुणाचं लक्ष जात नाही. आणि वर घेतलेला मुंढा काखेला लागून राहतो, त्यामुळे घाम टिपतो. अस्तराला पातळ मलमल घेतली की हे सुसह्य होतं. सीताबर्डीच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये रंग मिळतो, पण घरी आणून आधी धुवा. न धुतलेलं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटलं की नेमका मुंढाच आखडतो, आणि आपण दोष कटिंगला देतो.

कापडाचा हिशेबही बघायला हवा. ८० सेंटीमीटरच्या ब्लाउज पीसमध्ये काठ बाहीला घ्यायचा असेल तर दोन्ही बाह्या इंचभर रुंद करायला जागा उरेलच असं नाही. अशा वेळी काखेतला चौकोनी तुकडा कामी येतो. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांना तो असायचाच. सरळ बाही, सरळ अंग आणि काखेत तिरका बसवलेला चौकोन. हात वर जायला तो भरपूर मोकळीक देतो आणि अस्तराच्या उरलेल्या कपड्यातूनही निघतो. फिटिंगच्या ब्लाउजमध्ये मात्र त्याचे चार कोपरे स्वच्छ शिवणं जिकिरीचं, आणि कोपरा एकदा उसवला की तिथून कापड फाटत जातं. घरच्या सुती कुर्त्याला छान. लग्नाच्या ब्लाउजला मी लावणार नाही.

मग मुंढा उतरवणं कुणी निवडावं? ज्यांचा खांदा आखडलेला आहे, हात मागे किंवा वर जातच नाही, त्यांच्यासाठी तोच बरा. कपडा अंगात चढवणं सोपं जातं आणि हात वर करायचा नसल्यामुळे कुर्ती चढायचा प्रश्न येत नाही. माझ्या सासूबाईंचे सगळे झंपर मी तसेच कापते. होजियरीसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडात या सगळ्याचा विचार करायची गरज नाही. बिनबाह्यांच्या कुर्तीचा मुंढा उतरवण्यापूर्वी मात्र आरशात बाजूने उभं राहून बघा, अंतर्वस्त्राची पट्टी दिसायला फार खोल जावं लागत नाही.

दोन्हींत अजूनही मन डळमळत असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. वर ठेवलेला मुंढा ट्रायलनंतर कधीही खाली उतरवता येतो. उतरवलेला वर नेता येत नाही, तिथलं कापड गेलेलं असतं. म्हणून मांजरपाटाची एक अर्धी कुर्ती, एकाच बाहीची, कच्च्या टीपेने शिवून बघा. आरशासमोर उभं राहून स्कार्फ बांधा, खरोखरची गाठ मारून, आणि हात खाली घेतल्यावर कमरेची शिवण कुठे थांबली आहे ते बघा. इतवारीत मांजरपाट स्वस्तात मिळतो, गांधीबागेतही.

स्वतः शिवत नसाल आणि मास्टरकडे टाकत असाल, तर ‘हात वर जायला हवा’ एवढंच सांगू नका. ते ऐकून तो मुंढा उतरवणारच. ‘मुंढा सध्याच्यापेक्षा अर्धा इंच वर ठेवा, बाही दंडात एक इंच सैल करा, पक्की टीप ट्रायलनंतर मारा’ असं मापात सांगा. जमलं तर बाहीचा कागद घरूनच कापून न्या. आमच्या गल्लीतल्या मास्टरने पहिल्यांदा तो कागद उलटसुलट करून पाहिला होता. “ताई, काखेत काचीन, मंग मले नका म्हणू,” म्हणाला. मी म्हटलं, नाही म्हणणार, पण कच्ची टीपच मारा.