सिस्टरांची वही: वडोदऱ्यातील एका घरपोच परिचर्या सेवेविषयी

दांडिया बाजारातील आमच्या घरी ७९ वर्षांच्या आईसाठी आम्ही फेब्रुवारीपासून एका खासगी संस्थेची परिचर्या सेवा घेत आहोत. रोज सकाळी सिस्टर येतात, रक्तदाब, नाडी आणि वजन पाहतात, दिवसभराच्या गोळ्या लावून ठेवतात आणि सगळे एका वहीत लिहितात. पहिले काही आठवडे ही वही मला निव्वळ सोपस्कार वाटत होती.

मे महिन्यात आईला दोन दिवस जुलाब झाले. अंगातले पाणी कमी होऊ नये म्हणून आम्ही तिला साधे पाणी भरपूर पाजले. तिसऱ्या दिवशी ती सारखी झोपू लागली, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली आणि न्हाणीघराकडे जाताना भिंत धरू लागली, तेव्हा आम्ही सर्वांनी त्याचे खापर उन्हावर आणि वयावर फोडले. सिस्टर गुजराती आहेत आणि आईला ‘बा’ म्हणतात. "परवापर्यंत बा अशा नव्हत्या," एवढे बोलून त्यांनी वही उघडली.

वजन चार दिवसांत दीड किलो उतरले होते. इतक्या थोड्या काळातली घट ही चरबीची नसून बहुतांशी पाण्याची असते, असे त्यांनी समजावले. आडवे असताना १३६ असलेला वरचा रक्तदाब उभे केल्यावर तीन मिनिटांत ११० वर आला, आणि २० किंवा त्याहून अधिक उतार दखल घेण्याजोगा मानतात. अंगातले पाणी कमी झाले की चिमटीत धरलेली कातडी लगेच पूर्ववत होत नाही; पण हाताच्या पाठीवरची कातडी म्हातारपणी सैल असतेच, म्हणून त्यांनी चिमटा गळ्याच्या हाडाखाली घेऊन पाहिला आणि त्यावरही विसंबून न राहता जीभ व काख कोरडी आहे का हे तपासले. आईला तहान लागत नव्हती, याचा आम्हांला दिलासा वाटत होता. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि लघवी घट्ट करून पाणी राखण्याची मूत्रपिंडांची क्षमताही घटते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्यांचा पुढचा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीविषयी होता. आईच्या गोळीत क्लोर्थॅलिडोन हा लघवी वाढवणारा घटक आहे आणि त्याने सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, शरीराबाहेर जाते. जुलाबांनी ते आणखी गेले, आणि आमच्या साध्या पाण्याने उरलेले पातळ झाले. रक्तातले सोडियम उतरले की अशी गुंगी आणि गोंधळ येऊ शकतो. सिस्टरांनी स्वतःच्या अधिकारात गोळी बंद केली नाही की मिठाचे पाणी पाजायला सांगितले नाही. त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावून सर्व आकडे वाचून दाखवले. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथेच आहे. दुपारच्या तपासणीत सोडियम १२३ आले, जे १३५ ते १४५ असायला हवे, आणि पोटॅशियम ३.१ आले, जे किमान ३.५ हवे. आईला दाखल करावे लागले. सोडियम घाईने वाढवल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते तीन दिवसांत, वारंवार रक्त तपासत, हळूहळू वर आणले गेले. चौथ्या दिवशी तिने आपणहून वर्तमानपत्र मागितले.

उणिवाही सांगायला हव्यात. जुलाब सुरू झाले तो रविवार होता आणि त्या दिवशी आलेल्या बदली सिस्टरांनी वजन घेतलेच नाही, मागचे पानही पाहिले नाही. शिवाय वहीतली इंग्रजी संक्षेपांची नोंद घरच्यांना वाचता येत नव्हती. तक्रारीनंतर ती आता गुजरातीत होते, आणि मी रात्री तिच्याखाली आईने दिवसभरात काय प्यायले, लघवी किती वेळा झाली व ती गडद होती का, हे मराठीत लिहितो. रविवारची व्यवस्था अजून सुधारलेली नाही. त्यामुळे सेवा घेणाऱ्यांनी बदली सिस्टर कोण येणार आणि त्या वही वाचतील का, हे आधीच विचारून घ्यावे. बाकी सहा दिवसांसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन.