कोठडीत कोंडायचे की गर्दी कमी करायची?

साथ आली की तुरुंगापुढे दोन मार्ग असतात. कैद्यांना जवळपास दिवसभर कोठडीत बंद ठेवणे, किंवा काहींना जामीन वा पॅरोलवर सोडून आत जागा करणे.

कोंडण्याचा निर्णय तुरुंगाधिकारी एका दिवसात घेऊ शकतो, म्हणून तोच आधी घेतला जातो. पण एका कोठडीत सहा जण असतील तर ते विलगीकरण कसले? हवा एकच, शौचालय एकच. एकेकटे ठेवले तर मन खचते. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार दिवसातले २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपलीकडे नेण्यास मनाई आहे. मला सर्वांत घातक वाटते ते वेगळेच: आजारी पडणे म्हणजे शिक्षा, असे दिसले की माणसे ताप लपवतात. मार्च २०२० मध्ये इटलीत भेटी बंद होताच अनेक तुरुंगांत दंगली उसळल्या. १३ कैदी दगावले.

त्याच महिन्यात इराणने हजारो कैद्यांना तात्पुरते सोडले, तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचे निकष ठरवण्यासाठी राज्यांना समित्या नेमायला सांगितले. आत उरलेल्यांना आणि कर्मचाऱ्यांनाही याचा फायदा होतो, म्हणून माझा कौल याच मार्गाला. मात्र निकष गुन्ह्यावर बेतले की दीर्घ शिक्षा भोगणारे वृद्ध, मधुमेही, दमेकरी आतच राहतात. सुटणाऱ्याची तपासणी, औषधे आणि रात्रीचा निवारा याची सोयही दार उघडण्याआधीच हवी.