कोलॉयडल सिल्व्हर मशीन, आठ महिन्यांनंतर: तो काळा थर

चांदीच्या दोन दांड्या पाण्यात बुडवून वीज सोडली की चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळतात; असं पाणी, म्हणजे कोलॉयडल सिल्व्हर, बनवणारं माझं मशीन गेल्या आठवड्यात मध्येच बंद पडलं. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, "दांड्या नीट पुसत नसाल, नव्या घ्या." आठ महिने पुसतेय! माहितीपत्रकात सफाईबद्दल एकच ओळ आहे: 'वापरानंतर स्वच्छ करा.' कशाने, कधी, याचा पत्ता नाही.

कारण मीच शोधलं. ऋण दांडीवर चांदीचा काळपट, भुसभुशीत थर साचतो. त्याला केसासारखे तंतू फुटतात आणि समोरच्या दांडीला टेकले की शॉर्ट. थर ओला असतानाच टिशूने पुसला तर एका हातात निघतो. वाळू दिला की घासत बसा. घासायचंच झालं तर मऊ प्लॅस्टिकची घासणी घ्यावी, तारेची अजिबात नको, तिचे लोखंडी कण दांडीवर राहतात. साबण टाळते, कारण त्याचा अंश पुढच्या पाण्यात उतरतो. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यानेच. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन पाणी गढूळ होतं.

पुसता पुसता एक हिशोब सुचला. 1 मिलिअँपिअर प्रवाहाने तासाला साधारण 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. माझं मशीन 5 मिलिअँपिअरचं, पाणी अर्धा लिटर, वेळ अर्धा तास. म्हणजे 10 मिलिग्रॅम, 20 पीपीएम (लिटरला 20 मिलिग्रॅम). खोक्यावरही 20च छापलंय. पण मग टिशूवर आलेली चांदी? तेवढी पाण्यात नाहीच! टीडीएस मीटरही इथे कामाचा नाही, तो वाहकता मोजतो, चांदीचे कण त्याला दिसत नाहीत.

इथवर मी पाच तारे देणार होते. मत बदललं ते दुसऱ्याच कारणाने. पहिले दोन महिने मी हे रोज चमचाभर प्यायचे. थायरॉइडच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी बंदच करायला लावलं. चांदीमुळे थायरॉक्सिनचं (थायरॉइडच्या औषधाचं) आणि काही अँटिबायोटिक्सचं शोषण कमी होऊ शकतं, आणि शरीरात चांदी साचून त्वचा करडी-निळी पडली (आर्जिरिया) तर तो रंग सहसा कायमचा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 1999 मध्येच सांगितलंय की कोलॉयडल सिल्व्हरची विनाचिठ्ठीची औषधं सुरक्षित किंवा परिणामकारक मानली जात नाहीत. मोंटानातले स्टॅन जोन्स घरीच बनवून प्यायचे. 2002 मध्ये सिनेटची निवडणूक लढवताना त्यांचा चेहरा निळसर पडलेला होता. हे मी आधी वाचायला हवं होतं. खोक्यावर मात्र 'रोज दोन चमचे' असं ठळक छापलंय. त्याबद्दल दोन तारे कापलेत.

आता कुणी पीत नाही. मुलीला लेझरची रेघ पाण्यातून दाखवते. कण असतील तर रेघ स्पष्ट दिसते, साध्या डिस्टिल्ड पाण्यात जवळजवळ नाही. कण मोठे झाले की पाणी पिवळसर होतं, तेही तिला आवडतं.

नव्या दांड्या घेणार नाही. त्याच ओल्या असताना पुसून परत लावल्या, मशीन सुरू झालं.