भीमाची गदा आणि शंखाचा घोळ : सात महिन्यांच्या वापरानंतर

मामा कुडाळकडचे. दशावतारात गेली वीस-पंचवीस वर्षं राजाची आणि राक्षसाची कामं करतात. मागच्या गणपतीत घरी सगळे जमलो होतो, तेव्हा आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू पुण्यात लायटीचा काम करतस मां? माका एक गदा करून दी."

मी लायटीचं काम करत नाही. हापिसात बसतो. पण घरी सोल्डरिंग गन आहे आणि गॅदरिंगच्या सीझनला शेजारपाजारच्या पोरांच्या तलवारी, पंख, मुखवटे माझ्याकडे येतात. सिंधुदुर्गात आता पोस्टरवर 'ट्रिकसीनयुक्त नाटक' असं छापलं की गर्दी वाढते. मामांना हवी होती ती अशी गदा, जी उगारली की लखलखेल आणि आदळली की गरजेल. सोबत एक लाइटवाला मुकुट. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला हंगाम सुरू झाला, मे अखेरीस पेटारे बंद झाले. मधल्या काळात ही गदा पस्तीस-चाळीस प्रयोगांत वापरली गेली. यूट्यूबवर अशा प्रॉपर्टीचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते सगळे बनवून झाल्या दिवशी काढलेले. म्हणून म्हटलं, वापरून झाल्यावरचं लिहावं.

आधीच सांगून टाकतो : लाइट टिकले, आवाजाने रडवलं, आणि बॅटरीचा विचार मी सगळ्यात शेवटी केला ही माझी सगळ्यात मोठी चूक.

माल सगळा पुण्यातल्या तापकीर गल्लीतून उचललेला. अर्डिनो नॅनोचा (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) क्लोन, डीएफप्लेअर मिनी नावाचं एमपीथ्री वाजवणारं बोटभर मॉड्यूल, डब्ल्यूएस२८१२बी एलईडीची मीटरला ६० दिव्यांची पट्टी, हालचाल ओळखायला एमपीयू६०५०, ३ वॉटचा छोटा स्पीकर, एक १८६५० सेल (बोटाएवढा, रिचार्ज होणारा लिथियमचा), टीपी४०५६ चार्जर आणि व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर. दांड्याला इंचभर जाडीचा पीव्हीसी पाइप, वरचा गोळा ईव्हीए फोमचा. थर्माकोल नको म्हटलं. २०१८ च्या बंदीनंतर तो मिळवायचा कशाला, आणि पहिल्याच फटक्यात त्याचा चुरा होतो. सगळं मिळून २,४०० च्या आसपास गेले. त्यात जळलेले दोन डीएफप्लेअर धरलेले आहेत.

आता शंखाची गोष्ट.

डीएफप्लेअरच्या मेमरी कार्डावर तीन आवाज होते : उगारल्यावरची गुणगुण, आदळल्याचा धडाम, आणि पहिल्या एंट्रीसाठी शंख. फाइलींना ०००१, ०००२, ०००३ अशी नावं देऊन मी निर्धास्त. निघायच्या आदल्या रात्री धडाम जरा पोकळ वाटला म्हणून नवा बनवला, कार्ड फॉरमॅट केलं आणि तिन्ही फाइली एकदम ओढून टाकल्या. डीएफप्लेअरच्या साध्या प्ले कमांडला फाइलच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. कार्डावर फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या, तो क्रम ती धरते. माझ्या लॅपटॉपने त्या भलत्याच क्रमाने टाकल्या होत्या.

तर प्रसंग असा. देवळासमोरचं अंगण, रात्रीचे दोन वाजून गेलेले, भीम-दुर्योधन गदायुद्ध रंगात आलेलं. मामांनी गदा गरगरा फिरवली, डोक्यावर नेली, दुर्योधनाच्या मांडीवर नेम धरला, आणि गदेतून "भूंऽऽऽ" करून शंख वाजला. पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला. दुर्योधन स्वतःच्या मांडीकडे बघायला लागला. मी विंगेतून जमिनीत जायची जागा शोधत होतो. मामा एक श्वास थांबले असतील. मग गदा तशीच उगारलेली ठेवून गरजले, "ऐक, दुर्योधना! माझ्या हातून प्रहार होण्याआधी माझ्या गदेनेच तुझ्या मृत्यूचा शंख फुंकला आहे!" आणि गदा हाणली. पखवाजावर थाप बरोब्बर त्याच क्षणी. अंगण उठून उभं राहिलं.

दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रात्री ते माझ्या चुकीवर पांघरूण घालताना बघितलं. तोंडावरचा रंग पुसता पुसता मामा एवढंच म्हणाले, "शंख आसा तसो ठेव. धडाम करूक पखवाज आसा."

मी तेव्हा हसलो. दोन महिन्यांनी कळलं, की आख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

कारण डीएफप्लेअर एका वेळी एकच आवाज वाजवतो. गुणगुण चालू असताना धडाम हवा, तर गुणगुण तुटते, मधे कानाला जाणवेल एवढी शांतता जाते, मग धडाम येतो. घरात टेबलावर हे खपून जातं. रंगमंचावर फटका बसून गेल्यावर आवाज आला की लोक हसतात. परदेशात लाइटसेबर (स्टार वॉर्स सिनेमातली उजेडाची तलवार) बनवणाऱ्यांच्या दुनियेत प्रॉफीबोर्डसारखे खास बोर्ड मिळतात. ते अनेक आवाज एकत्र मिसळतात, फिरवण्याच्या वेगाबरोबर सूर बदलतात. पण बाहेरून मागवायचे, वर कस्टम्स. मी मधला मार्ग काढला : फेब्रुवारीत नॅनो आणि डीएफप्लेअर दोन्ही काढून ईएसपी३२ हा जास्त ताकदीचा बोर्ड आणि मॅक्स९८३५७ए ॲम्प्लिफायर टाकला. आता आवाज ईएसपी३२ स्वतः मिसळतो, उशीर जवळजवळ संपला. आणि एवढं करूनही मोकळ्या अंगणात, पखवाज-झांजा-पेटीच्या शेजारी, ३ वॉटचा स्पीकर तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू येत नाही. येणारच नाही. मामांचं आधीच ठरलेलं होतं. फटक्याचा आवाज करणारा माणूस समोर बसलेला आहे, तो चुकत नाही, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

आवाज जमला तो दुसऱ्याच ठिकाणी. एका नाटकात असुराची एंट्री प्रेक्षकांमधून होते. त्याच्या छातीवरच्या कवचाआड स्पीकर बसवला. उघडा स्पीकर चिरका वाजतो, कारण पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. मागे बंद पोकळी लागते. अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला भोक पाडून त्यात स्पीकर, कडेला सिलिकॉन. असुर शेजारून जाताना दोन हातांवरून गुरगुर आली की पोरं आयांच्या पदराआड जातात. दूरच्यांना काहीच ऐकू येत नाही, पण पोरांच्या किंचाळ्या ऐकू येतात. काम होतं.

सेन्सरचं थोडक्यात. एमपीयू६०५० चांगला आहे, माझी कल्पना वाईट होती. गदा जोरात फिरली की लाइट, आदळली की आवाज, असं बांधलं होतं. पण दशावतारातला राजा चालत येत नाही, नाचत येतो. प्रत्येक गिरकीला गदा पेटायची. मर्यादा वाढवली तर खऱ्या फटक्याला झोपायची. तीन आठवडे आकडे बदलून झाल्यावर दांड्यावर अंगठ्याखाली एक बटण बसवलं आणि कापडी पट्टी गुंडाळली. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. नटाला कधी काय करायचंय ते सेन्सरपेक्षा नटाला जास्त कळतं.

आता बॅटरी. हा भाग नीट वाचा. गदेत ४२ एलईडी. एक डब्ल्यूएस२८१२बी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. म्हणजे सगळे मिळून अडीच अँपिअर, ५ व्होल्टला साडेबारा वॉट. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये काही वाया जातंच, तेव्हा सेलकडून ४ अँपिअरच्या घरात खेच. टीपी४०५६ च्या बोर्डावर जी संरक्षणाची चिप असते ती तीनेक अँपिअरलाच हात वर करते. निकाल : गदा उगारली, पांढरा झगझगाट, आणि पुढच्या क्षणी सगळं काळं. नट उगारलेल्या अवस्थेत अंधारात. वेंगुर्ल्याकडे एका जत्रेत हे दोनदा झालं.

घाईघाईत पॉवर बँक लावून बघितली. ती आणखी वाईट. दिवे बंद असताना सर्किट फार कमी करंट घेतं, पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती आपली आपण झोपते. पाच मिनिटांचा संवाद झाल्यावर भीमाने बटण दाबलं तर मुडदा.

उपाय निघाला तो फुकटातला. दिवे चालवायच्या फास्टएलईडी नावाच्या तयार कोडमध्ये एकूण करंटला मर्यादा घालायची सोय आहे, ती ५०० मिलिअँपिअरवर बांधली. डोळ्याला फरक फारसा कळत नाही. रात्रीच्या अंगणात २५५ पैकी ६०-७० एवढी ब्राइटनेस भरपूर झाली, उलट पूर्ण ठेवली की नटाचा चेहरा दिसेनासा होतो आणि फोटोत गदेच्या जागी पांढरा डाग येतो. एका सेलवर आता सलग तीन तास जातात. नाटकात दिवे मिळून अर्धा-पाऊण तास पेटतात, तेव्हा दोन रात्री आरामात. तरी मामा रोज चार्ज करतात, आणि बरोबर करतात.

प्रकाश पसरवायला टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम वापरला. दोन एलईडींमधलं अंतर साधारण १७ मिलिमीटर आहे. दिव्यापासून फोमपर्यंत निदान तेवढीच जागा सोडली तर ठिपके दिसत नाहीत, सलग उजेड दिसतो. माझ्या पहिल्या गदेत जागा होती ५ मिलिमीटर. लग्नाच्या मांडवाची माळ गुंडाळल्यासारखी दिसायची.

या पट्टीचा एक दोष कायमचा आहे. प्रत्येक दिवा सिग्नल पुढच्याला देतो, त्यामुळे एक मेला की पुढचे सगळे बंद. आणि गदा ही आपटायची वस्तू. जानेवारीत गोळ्याच्या मानेशी एक टाका तुटला आणि अर्धी गदा विझली. आता पट्टी फोमला न चिकटवता आतल्या पाइपला गुंडाळलीय, म्हणजे हादरा थेट पोचत नाही. शिवाय दोन अर्ध्या पट्ट्या एकाच डेटा पिनवर समांतर जोडल्यात. एक गेली तरी दुसरी तेच दाखवते. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टवरच्या पट्टीला ३.५ तरी हवा असतो, म्हणून मधे ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी चिप टाकायला विसरू नका. मी विसरलो होतो. पुण्यात चाललं, कुडाळात दिवे मनाला येईल तसे लुकलुकले.

कोकणच्या हवेचं काय सांगू. जंपर वायरच्या पिना दीड महिन्यात हिरव्या पडल्या. आता एकही पिन नाही, सगळं थेट सोल्डर, वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. बायकोची बाटली संपली, ती भरून दिली. हॉट ग्लूवर मात्र भिस्त ठेवू नका. दुपारी उन्हात उभ्या टेम्पोत तो सुटतो.

मुकुटाबद्दल आधी एक वाद झाला. मला मामांच्या जुन्या मुकुटातच पट्टी बसवायची होती. त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही. जो डोक्यावर चढवण्याआधी माणूस कपाळाला लावतो, त्याला ड्रिलने भोकं पाडायची म्हणजे काय, हे मला सुचायला हवं होतं. मग पुठ्ठ्याचा वेगळा केला. एक नियम मी माझा माझ्यापुरता पाळला : डोक्यावर लिथियमचा सेल नाही. सेल कमरपट्ट्याखाली, तिथून पाठीवरून पातळ सिलिकॉन वायर, मानेशी ओढलं की सहज सुटणारी जोडणी. घामाने पट्टी दोनदा गेली, तिसऱ्यांदा सिलिकॉनच्या नळीतली घेतली. जड आहे, पण टिकली.

आणि तरी सांगतो, जुना मुकुट जास्त देखणा दिसतो. त्याला बारीक आरसे जडवलेत. नट जरा हलला की हॅलोजनचा उजेड त्यांच्यातून दहा दिशांना फुटतो, आणि प्रत्येक हालचालीला वेगळा फुटतो. माझ्या मुकुटाचे दिवे प्रोग्राममध्ये आहेत तेवढेच करतात. मार्चपासून मामा माझा मुकुट फक्त ब्लॅकआऊटच्या एका सीनला घालतात, तिथे तो खरंच उठून दिसतो. बाकी वेळ पेटाऱ्यात.

पुन्हा करायचं झालं तर नॅनो-डीएफप्लेअरचा फेरा टाळून पहिल्यापासून ईएसपी३२ घेईन, सेन्सर घेणार नाही, आणि मोठा खर्च सेल आणि वायरवर करीन. सेल ओळखीच्या दुकानातून, वजन करून घ्या. मला एका ठिकाणी ९८०० मिलिअँपिअर छापलेला १८६५० मिळाला होता, हाताला पिसासारखा. त्या आकाराच्या सेलमध्ये एवढं मावतच नाही. शाळेच्या गॅदरिंगपुरतं हवं असेल तर मात्र डीएफप्लेअर पुरेसा आहे, फक्त इंग्रजीत 'mp3' नावाचं फोल्डर करून त्यात चार आकडी नावाने फाइली टाका आणि फोल्डरवाली कमांड वापरा. नाहीतर शंख वाजेल, आणि सगळ्यांचे मामा दशावतारी नसतात.

शंख अजून आहे. आता तो मुद्दाम वाजतो, त्याच जागी, आणि ते वाक्य दर प्रयोगात थोडं थोडं लांबत चाललंय. दुर्योधनाचं काम करणाऱ्या गड्यानेही गदेची ऑर्डर दिलीय. लाइट लाल, आवाज अजिबात नको, आणि बटण डाव्या अंगठ्याखाली, कारण तो डावखुरा आहे.