अ‍ॅम्ब्युलन्स ड्युटीसाठी घेतलेले सेफ्टी शूज, सात महिने वापरून झाल्यावर

गेल्या जूनमध्ये नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतले, काळे, लेसवाले, पुढं स्टीलची टोपी असलेले, बिल झालं १,८५० रुपये. रिव्ह्यू आत्ता लिहितेय कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही बूट चांगलाच वाटतो. मी बीएएमएस आहे, सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर चार वर्षं झाली डॉक्टर म्हणून आहे, बारा तासांची ड्युटी आणि महिन्यातल्या निम्म्या रात्री.

का घेतले ते आधी सांगते कारण आमच्यातल्या बऱ्याच जणी अजून साध्या स्पोर्ट शूजवर ड्युटी करतायत, मी पण तेच करत होते. मे महिन्यात टेंभुर्णीकडून एक पेशंट आणत होतो, बीपी लागत नव्हतं, चालत्या गाडीत कशीबशी व्हेन सापडली, सलाइनची सुई टाकली, प्लास्टिकची नळी शिरेत ठेवून आतली सुई बाहेर काढली आणि तेवढ्यात पुढं एका टमटमवाल्यानं कट मारला, अण्णांनी (आमचे पायलट, म्हणजे ड्रायव्हर) करकचून ब्रेक दाबला. सुई हातातून सुटली, स्ट्रेचरच्या चाकापाशी जाऊन आडवी अडकली, आणि मी तोल सावरायला पाय सरकवला तर बुटाच्या जाळीतून करंगळीशेजारी आत गेली. सुया टाकायचा डबा गाडीत होता पण पट्ट्यानं बांधलेला नव्हता, सीटखाली गडगडत असायचा, त्याबद्दल दोनदा लेखी दिलेलं होतं. मोजा काढला तर मोहरीएवढा रक्ताचा ठिपका, बस्स.

साबण-पाण्यानं पाय धुतला, पेशंट हँडओव्हर केला आणि दोन तासांच्या आत पीईपीची (सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधांची) पहिली गोळी घेतली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, एचआयव्हीची ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, पहिल्या दोन तासांत घेतली तर सगळ्यात चांगलं, आणि पुढं २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायची. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस माझे आधीच झालेले होते म्हणून तेवढी एक काळजी कमी. सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, पण शेवटचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मुलीची नखं कापायचं काम मी आईला सांगत होते.

तर हे बूट. सगळ्यात पहिली अडचण साइजची. सेफ्टी शूज म्हणलं की दुकानात ७ नंबरपासून सुरुवात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कामगार घेतात त्यामुळं सगळा माल पुरुषांचा. मला लागतो ५. दुकानातले काका म्हणाले "ताई, दोन मोजे घालून ७ घ्या की", मी नाही म्हणलं, सैल बुटात जिन्यावर पाय मुरगळला तर पेशंटसकट सगळेच खाली. आठ दिवस थांबून मागवून घेतला. आतल्या बाजूला आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ (सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाचा नंबर) छापलेलं आहे का ते बघून घ्या, त्यातला सेफ्टी ग्रेडचा बूट पंज्यावर २०० जूलचा (जूल म्हणजे ऊर्जा मोजायचं एकक) मार सोसतो. तसाच दिसणारा ६०० रुपयांचा बूटही मिळतो पण त्याची टोपी अंगठ्यानं दाबली तरी आत जाते, मी दाबून बघितलीय.

खरी परीक्षा झाली उसाच्या सीझनमध्ये. कारखाने सुरू झाले की आमच्याकडं हायवेला रात्रीच्या ट्रॉल्या वाढतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि मोटरसायकलवाला सरळ मागून आत घुसतो. नोव्हेंबरात मोहोळच्या अलीकडं अशीच केस होती. रस्त्यावर डिझेल, काचा, आणि उसाच्या कांड्या ज्या डिझेलमध्ये भिजल्या की साबणासारख्या होतात. आम्ही दोघंच, मी आणि अण्णा, बाकी जमलेली माणसं, त्यातल्या तिघांना हाताशी धरून मान सरळ ठेवून पेशंटला बोर्डवर घेतला. बूट एकदाही घसरला नाही. परत आल्यावर सोल उलटा करून बघितला तर काचेचा नखाएवढा तुकडा रुतलेला, चिमट्यानं काढला, आतपर्यंत पोचलेला नव्हता. माझ्यासाठी १,८५० तिथंच वसूल झाले.

जिन्यांवर पण चांगला अनुभव आहे. पूर्व भागात खाली माग आणि वर राहणं अशी कितीतरी घरं आहेत, जिना एवढा अरुंद की स्ट्रेचर वळतच नाही. मग काय, घरातलीच सोलापुरी चादर मागायची, पेशंट त्यात, चार कोपरे चौघांनी धरायचे आणि एकेक पायरी उतरायची. उलटं उतरणारा बहुतेक वेळा मीच, कारण पेशंटच्या चेहऱ्याकडं बघत राहावं लागतं. टाच पायरीवर नीट बसते, पकड चांगली आहे. कंबर मात्र दुखतेच, त्याला बूट काही करू शकत नाही, आमच्यात चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, एमआरआयची फाइल घरात असतेच.

आता खटकलेल्या गोष्टी. सीपीआरला (हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबताना) त्रास होतो. मिनिटाला १०० ते १२० च्या स्पीडनं, छाती पाच सेंटिमीटर खोल दाबायची असते, जमिनीवर गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून, आणि स्टीलच्या टोपीची मागची कड बरोबर त्या दुमडीत रुतते. दहा मिनिटांनंतर बोटांवर लाल वळ. त्या वेळी काही कळत नाही, सगळं आटोपलं की मग कळतं. कंपोझिट (स्टीलऐवजी फायबर-प्लास्टिकच्या) टोपीचा बूट हलका असतो आणि घेता येत असेल तर तोच घ्या, मला या साइजला मिळाला नाही.

दुसरं म्हणजे उकाडा. सोलापूरचा एप्रिल-मे अजून या बुटात काढलेला नाही पण ऑक्टोबर हीटमध्येच पाय शिजल्यासारखे झाले होते, सुती मोजे दोन जोड बरोबर ठेवते आणि मधे बदलते. रक्त लागलं की १ टक्का हायपोक्लोराइटनं (जंतुनाशक द्रावण) पुसते, त्यानं पुढचा काळा रंग उतरून तपकिरी झालाय आणि डाव्या टाचेमागची शिवण उसवली. सात रस्त्याजवळच्या मोचीकाकांनी ४० रुपयांत शिवून दिली.

लेसचं पण सांगायला पाहिजे. रात्री अडीचला कॉल आला की लेस बांधत बसायला वेळ नसतो, आणि कधी कधी पळावं लागतं, मी पळालेय. पेशंट आम्ही पोचायच्या आधीच गेलेला होता आणि नातेवाईकांनी गाडीला गराडा घातला, उशीर का केला म्हणून एकानं माझा अ‍ॅप्रन कॉलरला धरला. २०१० पासून कायदा आहे, रुग्णसेवेतल्या माणसावर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पण त्या गल्लीत त्या वेळी फक्त अण्णा होते, त्यांनी मला ढकलत गाडीत घातलं. त्या माणसाचा बाप गेला होता, त्याच्यावर राग नाही धरला मी, पण कॉलरवरचा तो हात अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी लेस काढून इलॅस्टिकच्या घातल्या, आता बूट सरळ पायात सरकतो. तुम्हीपण घेतल्या घेतल्या तेच करा.

पायलट लोकांनी मात्र विचार करून घ्या. अण्णांना ९ नंबर आणून दिला होता, चार दिवस घालून म्हणाले, "मॅडम, बूट भारी हाय ओ, पण क्लच कळंना बगा." सोल जाड आहे, खरंय त्यांचं. आता ते चालवताना त्यांचे जुनेच घालतात आणि हे बूट सीटमागं ठेवतात, उतरायचं असलं की बदलतात.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो शिवणीचा आणि टोपीच्या कडेचा. नवी पेठेतल्या काकांनी ५ नंबरचे दोन जोड आणून ठेवलेत, एक आमच्या नवीन डॉक्टरणीनं परवा नेला, दुसरा कालपर्यंत होता.