सीपॅपचा फिल्टर: धुवायचा घ्यावा की फेकायचा?

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकणाऱ्याला रात्रभर मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, ते घेतलं की मास्क कुठला, प्रेशर किती, ह्युमिडिफायर (हवा दमट करायची पाण्याची टाकी) लावू की नको यावर सांगायला सगळे पुढे असतात, पण मशीनच्या मागच्या त्या छोट्याशा खाचेत कुठला फिल्टर घालायचा हे कोणी विचारत नाही, मशीनबरोबर जो आला तो चालू. मीही पहिलं वर्ष तसंच काढलं. आता पाचवं चालू आहे, दोन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी लिहितो. मी डॉक्टर नाही, सर्विसवाला नाही, घोरणारा माणूस आहे एवढंच.

आधी आमच्या घराची हवा सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. गोव्यात साखळीच्या बाजूला रस्त्याला लागून जुनं कौलारू घर. इथली धूळ म्हणजे लाल धूळ. खाणी २०१२ ला बंद झाल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, आता पुन्हा ट्रक दिसायला लागलेत, पण ट्रक असोत नसोत रस्त्याकडेची माती कुठे जाते, एक टिपर जोरात गेला की ती उठून बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, येऊन बसते आणि तिथून खोलीत. वरून वाशांना लागलेल्या किडीचा भुसा पडतो तो वेगळा, गोधडीची लव वेगळी, आणि संध्याकाळी आईची अगरबत्ती आणि रात्री मच्छरची कॉइल आहेच. मशीन काही ऑक्सिजन बनवत नाही, हीच खोलीतली हवा मागून ओढतं आणि सहा-सात तास नाकात ढकलतं.

तर दोन प्रकार. एक राखाडी नाहीतर काळा स्पंजासारखा फोम, तो धुवून परत वापरायचा. दुसरा पांढरा, कागद आणि कापूस यांच्या मधला म्हणता येईल असा पातळ तुकडा, तो मळला की फेकायचा, धुवायचा नाही. रेसमेडच्या एअरसेन्स १० सारख्या मशीनला मुळात फेकायचाच येतो, तिथे तुमचा प्रश्न मिटला. फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनला दोन्ही चालतात, धुवायचा कायम आणि त्याच्याबरोबर हवा असेल तर बारीक फेकायचा. धुवायचा दोन आठवड्यांनी धुवा आणि बारीक तीस रात्रींनी बदला असा हिशोब. असं दोन्ही बसणारं मशीन असेल तर डोकं चालवू नका, दोन्ही लावा, फोम जाड कचरा अडवतो आणि मागचा बारीक फिल्टर जास्त दिवस टिकतो. माझ्या मशीनच्या खाचेत एका वेळी एकच मावतो म्हणून ही सगळी कथा.

फोमच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे. एकदा घेतला की पाच-सहा महिने नवा घ्यायला नको. आणि धुताना जो आनंद मिळतो तो पांढऱ्या फिल्टरमध्ये नाही, एप्रिलमध्ये नळाखाली धरून दाबला की पहिलं पाणी गेरूसारखं, दुसरं चहासारखं, चौथ्या-पाचव्या दाबाला कुठे स्वच्छ. हे सगळं आपल्या नाकात गेलं असतं असं वाटून बरं वाटतं. माझा चुलतभाऊ वास्कोला असतो, त्याचंही मशीन आहे, त्याच्या फोममधून काळं पाणी येतं, तो म्हणतो बंदरावरचा कोळसा. आम्ही फोनवर एकमेकांना पाण्याचे रंग सांगत होतो, बायको म्हणायची तुम्हा दोघांना दुसरा विषय नाही. धुवायची आठवण राहावी म्हणून मी एकादशी धरली होती, कालनिर्णय भिंतीवर असतंच, दर पंधरा दिवसांनी एकादशी, उपास नाही केला तरी फोम धुतला जायचा.

गडबड वाळवण्यात आहे. फोम पूर्ण सुकल्याशिवाय घालायचा नाही, ओला घातला तर मशीन ओल्या स्पंजातूनच हवा ओढतं आणि कुबट वास थेट नाकात. कडक उन्हात टाकायचा नाही, ऊन लागून तो पिठूळ होतो, बोटाला भुगा लागायला लागतो आणि मग तोच भुगा आत जायचा. सावलीत बाहेर टाकावा तर मार्च-एप्रिलमध्ये सुकेपर्यंत परत लाल. पण हे सगळं चालवून घेतलं, दोन फोम घेतले, एक मशीनमध्ये एक दोरीवर. पावसाळ्यात मात्र हरलो.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, ज्यांच्याकडे जुलैत पंचेसुद्धा तीन दिवस वाळत नाहीत त्यांना जास्त सांगायला नको. आषाढी एकादशीला धुतलेला फोम टॉवेलात दाबून पंख्याखाली ठेवला, दुसऱ्या दिवशी वरून कोरडा आणि मध्ये दाबला तर बोटाला थंड लागतोय. फ्रिजच्या मागे उबेला अडकवला, तो पडला खाली, झाडूनं काढला तेव्हा त्याला पालीची शेपटी चिकटलेली, म्हणजे परत धुणं. मशीनमधला दुसरा फोम तोपर्यंत कुबट मारायला लागलेला. शेवटी शक्कल लढवली. आमच्याकडे न्हाणीत अजून भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आहे, पावसात सकाळ-संध्याकाळ खाली लाकडं पेटतात, वर तार बांधलेली आहे, तिथे चिमट्यानं फोम लावला. दोन तासांत खडखडीत. मी खूश. रात्री घातला, मास्क चढवला, आणि दीडच्या सुमाराला जाग आली ती नाकात सुक्या बांगड्याचा आणि धुराचा असा काही वास भरलेला की मला वाटलं मालीमच्या मासळीच्या जेटीवर झोपलोय. झालं असं की पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली, सुकी मासळी दमट होऊ नये म्हणून बायकोनं त्याच तारेला टांगली होती, फोम तिच्या शेजारीच, आणि स्पंज तो, वास धरणारच. मी मास्क काढून बसलो. बायको उठली, "अहो, काय झालं? श्वास अडकला?" म्हटलं, नाही, बांगडा.

उरलेली रात्र मशीनशिवाय काढली आणि सकाळी डोकं दुखायचं ते दुखलंच.

ऐकायला हे चिल्लर वाटेल. पण सीपॅपमध्ये चिल्लर गोष्टींनीच माणूस मास्क काढून ठेवतो, आणि एकदा काढून ठेवायची सवय लागली की मग कपाटात जातं ते मशीन. मला तरी असं वाटतं.

मग पांढऱ्यावर आलो. याच्याही तक्रारी आहेत, लपवत नाही. पहिली पैशाची, आमच्याकडे कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो, घरी येईपर्यंत एक फिल्टर साधारण दोन माणसांच्या भाजीपाव-चहाएवढा पडतो. दुसरी, बारीक असल्यामुळे लवकर भरतो, एप्रिलमध्ये आमच्या खोलीत पंधरा दिवसांत विटकरी होतो आणि मग मशीनचा आवाज थोडा चढल्यासारखा वाटतो, मोजलेला नाही, कानाला वाटतो. काही कंपन्या सहा महिने वगैरे लिहितात ते स्वच्छ हवेच्या देशातलं असावं, आमच्या रस्त्यावर सहा महिने ही थट्टा आहे. मी एकादशी सोडून अमावास्या धरली, महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पौर्णिमेलाही. रंग बघून ठरवलं तरी चालेल, पण रंग बघायचा हेच माणूस विसरतो.

तिसरी तक्रार महत्त्वाची. स्वस्तातले फिल्टर मापाला नीट कापलेले नसतात. मी एकदा असंच एक पाकीट मागवलं, रंगरूप सगळं तेच, महिन्यानं काढला तर फिल्टर बऱ्यापैकी पांढरा, मला वाटलं वा, यंदा धूळ कमी, आणि मग टॉर्च मारून खाचेत बघितलं तर डाव्या कडेला, जिथे फिल्टर केसभर आखूड पडत होता तिथे, आत जाणारी एक बारीक लाल रेघ, पेन्सिलनं ओढल्यासारखी. सगळी हवा त्या फटीतून, फिल्टर बिचारा नुसता शोभेला. तेव्हापासून नवीन फिल्टर घातला की नखानं चारही कडा चाचपतो. फोमचं हे एक बरं आहे हे मान्य करतो, तो मऊ असल्यामुळे दाबून बसतो, फट ठेवत नाही.

आणि पांढरा लावला म्हणजे कॉइलचा वास बंद होईल असं समजू नका. धुराचे कण थोडे अडत असतील, वास अडत नाही. वास नको असेल तर कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा, मी तेच केलंय, आणि अगरबत्ती देवघरात, दार ओढून. आईनं एवढं ऐकलं हेच खूप.

तरी पांढऱ्यात वाळवणं नाही. काढला, टाकला, दुसरा घातला, दोन मिनिटं. एवढ्यासाठी मी त्याच्या सगळ्या तक्रारी पोटात घातल्या. चुलतभाऊ अजून फोमवरच आहे आणि त्याचं बरोबरही असेल, त्याचा फ्लॅट बंद, बेडरूमला एसी, एसीच्या हवेत फोम रात्रीत वाळतो. तुमच्याकडे तसं असेल, किंवा जुलैतही कोरडी राहणारी एखादी जागा घरात असेल, तर फोम वाईट नाही, पैसे वाचतील. उघड्या खिडक्यांचं कौलारू घर असेल तर मी आपला पांढराच सांगेन.

मध्यंतरी भावानं घाबरून फोन केला होता, फोमवाली मशिनं परत मागवलीत म्हणून. ते प्रकरण वेगळं. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सनं जी मशिनं परत मागवली ती आतला आवाज दाबायचा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत यायची भीती होती म्हणून, मागच्या खाचेतल्या फिल्टरचा त्याच्याशी संबंध नाही. ज्यांचं मशीन त्या काळातलं आहे त्यांनी नंबर तपासून घ्यावा. ओझोनच्या त्या साफ करायच्या डब्यांच्या जाहिराती दिसतात त्यांच्याही मागे लागू नका, धूळ काढणं हे त्यांचं कामच नव्हे, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२० मध्ये सांगितलं होतं की असल्या ओझोन-यूव्ही उपकरणांना तेव्हा त्यांची मंजुरी नव्हती.

दिवसा झाकायचं म्हणाल तर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पुरतो. फक्त रात्री तो काढायचा, मशीन चालू असताना वर कपडा राहिला तर मागची वाट बंद होऊन ते तापतं. मी एक झाकणाचा प्लास्टिक डबा पण आणला होता, त्यात पाण्याची टाकी ओलीच बंद झाली आणि आठवड्यात कोपऱ्यात काळी बुरशी, डबा आता बायकोकडे आहे, कोकमाच्या सोलांना. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे, पडद्यापासून लांब, आणि वाशाच्या बरोबर खाली नको, माझ्याकडे भुसा नेमका तिथेच पडायचा.

मागवायचे असतील तर मेच्या शेवटापर्यंत मागवा, पावसात आमच्या बाजूला पार्सलवाला दोन-दोन आठवडे फिरकत नाही, आणि फिल्टर कोरड्या डब्यात ठेवा. आमच्या यंदाच्या पुरुमेंताच्या यादीत मीठ, मिरच्या, सोलं, सुके बांगडे यांच्या खाली बायकोच्या अक्षरात लिहिलेलं आहे: फिल्टर, एक पाकीट, पांढरे. आणि शेजारी कंसात, तारेला लावायचे नाहीत.