डिसेंबरचं लेखन-कॅलेंडर: संपादकाच्या हाती द्यायचं की खुलं सोडायचं?

प्रोग्रामरांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "या डिसेंबरात आपणही ॲडव्हेंट कॅलेंडर करूया का, रोज एक तांत्रिक लेख?" पाच मिनिटांत वीसेक अंगठे वर होतात आणि जबाबदारी विचारणाऱ्याच्याच गळ्यात पडते. ती तुमच्या गळ्यात पडली असेल, तर एक गोष्ट आधीच धरून चाला: अंगठा वर करणारे आणि प्रत्यक्षात लिहिणारे यांच्यात फार थोडे जण सामायिक असतात. पद्धत निवडायची ती या थोड्यांच्या हिशेबानं.

मूळ चाल जर्मनीची. ख्रिसमसची वाट पाहताना रोज पुठ्ठ्याची एक खिडकी उघडायची, आत चित्र किंवा चॉकलेट. अशी कॅलेंडरं छापून विकणाऱ्या पहिल्या लोकांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे म्युनिकचे गेरहार्ड लांग येतात. चर्चचा ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या प्रतीक्षेचा काळ, रविवारी सुरू होतो, त्यामुळे त्याची तारीख दरवर्षी हलते. बाजारातल्या कॅलेंडरांनी 1 डिसेंबर पक्का केला आणि प्रोग्रामरांनी तोच उचलला. 2000 साली मार्क फाउलर यांनी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचं ॲडव्हेंट कॅलेंडर सुरू केलं. रोज पर्लचं एखादं मोड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यायचं, ते कशाला वापरायचं हे सांगणारा छोटा लेख लिहायचा, एवढीच कल्पना होती. पुढे जवळपास प्रत्येक भाषेच्या मंडळींनी ती आपापल्या परीनं वाकवली आणि त्यातून दोन स्पष्ट वाटा तयार झाल्या.

पहिल्या वाटेवर एकच साइट असते आणि तिला संपादक असतात. पर्लचं कॅलेंडर असंच चालतं. वेब डिझाइनवाल्यांचं '24 वेज' हे याचं सगळ्यात देखणं उदाहरण. ड्रू मॅक्लेलन यांनी 2005 मध्ये ते सुरू केलं. 24 दिवसांत 24 लेख, प्रत्येकावरून संपादकाचा हात फिरलेला. संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्यांचं 'सिसॲडव्हेंट' 2008 पासूनचं, जॉर्डन सिसेल यांनी सुरू केलेलं. तिथे लेखकाच्या जोडीला संपादक देण्याची पद्धत पडली.

दुसऱ्या वाटेवर संयोजकाकडे फक्त तारखांची यादी असते. लेखकानं तारीख पकडायची, लेख स्वतःच्या ब्लॉगवर टाकायचा आणि लिंक कळवायची. एफ शार्प आणि सी शार्प या दोन्ही भाषांची इंग्रजी कॅलेंडरं अशी चालतात. सी शार्पवाल्यांनी तर एका दिवसाला दोन जागा ठेवल्या, म्हणजे 25 दिवसांत 50 लेख. पण या पद्धतीचं खरं माहेर जपान. तिथे 'कीता' आणि 'ॲडव्हेंटार' या साइटांवर कुणीही नवं कॅलेंडर उघडू शकतं आणि लॉगिन करून तारीख धरता येते. भाषांची, डेटाबेसची, कंपन्यांची कॅलेंडरं असतातच. एकट्यानंच पंचवीसही दिवस लिहायचे असा पणही काही जण करतात. (हे लोक डिसेंबरात झोपतात कधी, देव जाणे.)

राकू या प्रोग्रामिंग भाषेची मंडळी या दोन्हींच्या मधली. भाषा पर्ल 6 या नावानं ओळखली जायची तेव्हा, 2009 मध्ये, त्यांनी स्वतःचं कॅलेंडर सुरू केलं. साइट सामायिक वर्डप्रेसची, वेळापत्रक गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या साध्या यादीत. यादीत नाव घालायचं, साइटवर खातं मिळवायचं आणि आपल्या दिवशी लेख चढवायचा. संपादन जवळपास नाहीच, पण सगळे लेख एका जागी राहतात. पर्ल 6 ची पहिली अधिकृत आवृत्ती 2015 च्या 25 डिसेंबरला आली, तेव्हा त्या वर्षीच्या कॅलेंडराला आपोआपच वेगळी धार चढली.

आता या वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

सगळ्यात आधी रिकामा दिवस. तो येणारच. सतरा तारखेचा लेखक सोळाच्या रात्री कळवतो, "ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर कोसळलाय, जमणार नाही." एका साइटच्या कॅलेंडरात ही पोकळी पहिल्या पानावर दिसते आणि ती भरायची जबाबदारी नाव न घेता संपादकाची असते. हाताशी तीन-चार तयार लेख नसतील, तर संपादक रात्री दोनला स्वतः लिहायला बसतो आणि पुढच्या वर्षी तो मिळत नाही. खुल्या पद्धतीत हीच गोष्ट फारशी बोचत नाही. जपानी कॅलेंडरांत कितीतरी लेख नंतर येतात, चौकोन मागाहून भरला जातो आणि कुणी त्याचा बाऊ करत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षी पद्धत ठरवायला हा एकच मुद्दा पुरेसा आहे, पण दर्जाची बाजूही पाहायला हवी.

दर्जात संपादित कॅलेंडर सरळ जिंकतं. तांत्रिक लेखाचं संपादन म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे. लेखातला कोड कोऱ्या मशीनवर चालवून पाहावा लागतो. वापरलेल्या कोड-लायब्ररीची आवृत्ती लिहिली आहे का, उदाहरण लेखकाच्याच लॅपटॉपवरच्या एखाद्या फाइलवर अवलंबून तर नाही ना, हे बघावं लागतं. एका लेखाला दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. 24 लेखांचा गुणाकार तुम्हीच करा. खुल्या पद्धतीत हे कुणी करत नाही, त्यामुळे उत्तम लेखाशेजारी अधिकृत डॉक्युमेंटेशनचा सारांश येऊन बसतो. अलीकडे तर एआयकडून काढून घेतलेला गुळगुळीत मजकूरही येतो. वाचकाला दोन दिवस असे लागोपाठ मिळाले, की तिसऱ्या दिवशी तो फिरकत नाही.

दुसरीकडे, खुल्या पद्धतीत लेखकाला जे मिळतं ते संपादित साइट देऊ शकत नाही. त्याच्या स्वतःच्या ब्लॉगवर वाचक येतात. ज्यानं वर्षभर काहीच लिहिलेलं नाही, त्याला तारखेच्या धाकानं एक लेख लिहावा लागतो, आणि कधीकधी त्यातून सवय लागते. नव्या लोकांना लिहितं करणं हा तुमचा हेतू असेल, तर परीक्षकासारखा संपादक दारात उभा करू नका.

साठवणीचं काय? पर्लच्या कॅलेंडराचे 2000 पासूनचे लेख आजही एकाच पत्त्यावर वाचता येतात. खुल्या कॅलेंडराची यादी मात्र पाच-सहा वर्षांत भोकं पडलेली दिसते, कारण कुणी डोमेनचे पैसे भरायचं विसरतो, कुणी ब्लॉग दुसरीकडे हलवतो. यावर उपाय स्वस्त आहे. तारीख देतानाच लेखाची एक प्रत सामायिक रिपॉझिटरीत (सगळ्यांच्या साठवणीच्या जागी) ठेवण्याची परवानगी मागून घ्यायची. मागाहून मागायला गेलात, तर निम्मे लोक उत्तरही देणार नाहीत.

लेखांऐवजी रोज एक प्रोग्रामिंगचं कोडं हा पर्याय कुणीतरी सुचवेलच, कारण एरिक वॅस्टल यांचं 2015 पासूनचं 'ॲडव्हेंट ऑफ कोड' सगळ्यांना माहीत असतं. भारतात सकाळी साडेदहाला कोडं उघडतं आणि ऑफिसातली पहिली मीटिंग वाया जाते. पण ते एका माणसाचं कितीतरी महिन्यांचं काम आहे आणि 2025 मध्ये त्यांनीही 25 दिवसांचे 12 केले. घरगुती कोड्यांचं कॅलेंडर काढायच्या भानगडीत पडू नका. त्यातला आकडा तेवढा उचला.

हो, बाराच दिवस. 24 खिडक्या ही परंपरा आहे, नियम नव्हे. 13 ते 24 डिसेंबर घ्या. बारा लेखकांसाठी वीस जणांना विचारावं लागतं. चोवीस हवे असतील, तर चाळीस जणांना. मराठीतून तांत्रिक लिहायला तयार असलेले चाळीस जण ज्यांच्या ओळखीत आहेत, त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

मराठी गटांत आणखी एक प्रश्न हमखास निघतो: डिसेंबर कशाला, दिवाळीतच करूया की! आपल्याकडे 1909 पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, सणाला लेख मागवणं आणि वाचणं अंगवळणी पडलेलं आहे. मोह समजतो, पण मी तरी डिसेंबरच धरीन. दिवाळी अंक एकदम हातात पडतो आणि वाचक तो सवडीनं संक्रांतीपर्यंत पुरवतो, तर कॅलेंडराला रोज ठरावीक वेळी येणारा वाचक लागतो. दिवाळीच्या पाच-सहा दिवसांत माणसं प्रवासात, पाहुण्यांत असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र परदेशी ग्राहक सुट्टीवर जातात, सॉफ्टवेअरचे रिलीज थांबलेले असतात आणि पुण्या-बंगळुरात बसलेल्या मराठी प्रोग्रामरला ऑफिसातच वाचायला सवड मिळते. अमेरिकेतली मराठी मंडळीही तेव्हाच मोकळी असतात.

दिवाळी आडवी येते ती वेगळ्या जागी. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे मसुद्यांची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवलीत तर ती ऐन फराळात येते. गणपती उठले की आमंत्रणं पाठवा आणि पहिला मसुदा दसऱ्यापर्यंत मागा. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे, तेव्हा 15 नोव्हेंबरची मुदत चालून जाईल.

माझा कौल असा. संपादनाला दोन भरवशाचे जण असतील आणि दसऱ्याला किमान आठ मसुदे हातात आले असतील, तर एकच साइट करा. एकटा संपादक असेल, तर तो कितीही हौशी असला तरी नको. बाकी सगळ्यांनी खुली यादी घ्यावी, बारा दिवसांची, आणि तिला राकूसारखी सामायिक साइट जोडावी, म्हणजे साठवणीचा प्रश्न पहिल्याच वर्षी सुटतो. संपादन करायचंच असेल, तर ते मागणाऱ्यापुरतं ठेवा: "प्रकाशनाआधी कुणी वाचून हवंय का?" असा एक रकाना यादीत घाला. नव्यानं लिहिणारे तो बहुतेक वेळा भरतात.

आमंत्रणात तारीख, मुदत, शब्दमर्यादा आणि प्रत ठेवण्याची परवानगी, एवढं असलं की पुरे. शब्दमर्यादा 800 ठेवा. मोकळीक दिली, की लोक 3000 शब्दांचं मनात धरतात आणि शेवटी काहीच पाठवत नाहीत.